सूर्यवंशी सरांचं पोवळं

सूर्यवंशी सरांच्या घरात साबण नव्हता. म्हणजे होता, पण परसात, न्हाणीच्या पत्र्यावर, आणि ज्यानं त्याला हात लावला त्याला पुढचा तासभर मधल्या खोलीत प्रवेश नव्हता. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो तेव्हा चांगलं इस्त्रीचं घालून, हातपाय स्वच्छ धुऊन गेलो होतो. दारातच त्यांनी विचारलं, "सर, साबणानं धुतलाव का हात?" मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. "मग भाईरच बसा," म्हणाले, आणि खरंच मला ओट्यावर बसवून चहा तिथंच आणून दिला.

मी कोहिनूर गावचा, शेतकरी घरातला. ते निर्ण्याच्या बौद्ध वस्तीतले. आमच्या घरी त्यांच्या लोकांना ओट्याच्या वर घेत नसत, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. दोघांनीही तो विषय काढला नाही, पण चहा पिता पिता मला हसू फुटलं आणि मग त्यांनाही. आमची ओळख तशी त्या दिवशी झाली, एका शाळेत सात-आठ वर्षं काढल्यावर.

'काढल्यावर' हाच शब्द बरोबर आहे. कर्नाटकातल्या हुमनाबादची आमची मराठी शाळा म्हणजे काय सांगावं! वरून येणारी सगळी पत्रं कन्नडमध्ये, मराठीची पुस्तकं यायची दिवाळीनंतर, आणि दर वर्षी एकेका वर्गातली दहा-बारा पोरं कमी होऊन कन्नड शाळेत जायची. जाऊ देत, त्यांचं बरोबरच होतं. मी मराठी शिकवायचो, सूर्यवंशी सर विज्ञान. दोघंही दमलेले. मी दमलो की चिडायचो, ते दमले की गप व्हायचे. उंच, किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर. बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, मूलही गेलं, पुन्हा लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची आय, सोजरबाई.

आणि मधल्या खोलीत काचेच्या पेटीत, साबणाचा थेंबही न सोसणारं ते पोवळं.

पोवळं म्हटल्यावर तुम्हाला अंगठीतलं लाल आठवेल. आमच्या हेडमास्तरांनाही तेच आठवलं होतं. मंगळ कडक आहे म्हणून एक तुकडा द्या की, असं ते सूर्यवंशींच्या मागं लागले होते. हे तसलं नव्हतं. हे मुठीएवढं, हिरवट तपकिरी, वरून अक्रोडासारखं वळ्यावळ्यांचं आणि जिवंत. खाली दगड आणि वर मांसाचा पातळ पदर, असा तो प्राणी. हजारभर बारकी तोंडं एका दगडावर राहतात आणि तो दगड ती स्वतःच तयार करतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "सूर्यवंशी, पोरांना थापा मारता त्या मारा, मला नका मारू."

ते आलं कारवारहून. विज्ञानाच्या मास्तरांचं शिबिर होतं तिथं. कोळ्यांच्या जाळ्यात अडकून वर आलेलं ते पोवळं तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी यांना दिलं. "चिवट जात आहे, नवशिक्याच्या हातूनही जगते, फक्त सारखा हात घालू नका," एवढंच सांगितलं. सूर्यवंशींनी दुधाची मोठी किटली घेतली, समुद्राचं पाणी भरलं, त्यात पोवळं ठेवलं आणि किटली मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कारवार ते हुमनाबाद, दीड दिवस! सोबत सायकलचा पंप. दर वीस मिनिटांनी झाकण उघडायचं, पंपाची नळी आत सोडायची आणि फसफस हवा मारायची. हुबळीच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "क्या जी मास्तर, दूध में हवा कायकू मारते?" हे म्हणाले, "दूध नई है जी, समुंदर है." कंडक्टरनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, किटलीकडं एकदा बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या बाईला म्हणाला, "अम्मा, तुमे जरा उधर सरको." दीड दिवस शेजारची सीट रिकामी राहिली. सूर्यवंशी म्हणायचे, जन्मात एवढा ऐसपैस प्रवास झाला नाही.

आता समुद्र दीडशे कोसांवर आणि आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची बोंब. तिथं हा माणूस खारं पाणी सांभाळायला बसला! फोटोच्या फ्रेमा करणाऱ्याकडून लोखंडी चौकटीची काचेची पेटी करून घेतली. ती तीनदा गळली. शहाबादी फरशीच्या लॉऱ्या गोव्याकडं जायच्या, त्यातल्या मस्तानभाई नावाच्या ड्रायव्हरला गाठलं. तो येताना समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन आणायचा. पाण्यात मीठ किती आहे हे बघायला दूध डेअरीतला जुना लॅक्टोमीटर. काचेवर तांबड्या रंगाची रेघ. पाणी रेघेच्या खाली गेलं की गोडं पाणी घालायचं, खारं नाही. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घाला की. "सर, पाणी उडतंय, मीठ कुठं उडतंय?" म्हणाले. मराठीच्या मास्तरानं मग गप बसावं.

त्या पोवळ्याला दगड बांधायला चुना लागतो, हे त्यांनी डोकं चालवून काढलं. पानाच्या गादीवरून चुना आणायचा, मडक्यात भिजवायचा, सकाळी वरची निवळी तेवढी काढून घ्यायची आणि दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीनं थेंब थेंब पेटीत सोडायची. करंट गेला की हवेचा पंप बंद पडायचा, म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब फुगवून ठेवलेली, तिला तसलीच नळी. उन्हाळ्यात पेटीभोवती ओलं गोणपाट आणि वरून टेबल फॅन. त्यांच्या स्वतःच्या खाटेवर फॅन नव्हता. मी बोललो तर म्हणाले, "मला घाम येतोय, त्येला येत न्हाई."

हे सगळं ते करायचे, पण पेटीत हात मात्र घालायचे नाहीत. पोवळं जरा मिटलेलं दिसलं की आपला जीव वर-खाली होतो, हलवून बघावंसं वाटतं, जागा बदलावीशी वाटते. ते लांब उभे राहून बघत. "आधी हात काढा" हे त्यांचं वाक्य झालं होतं. पोरांची मारामारी असो, स्टाफरूममधलं भांडण असो, की माझ्या थोरल्याचं लग्न जमत नसो. "सर, आधी हात काढा. बसू द्या गढूळ खाली." मला राग यायचा. पण माझ्या थोरल्याचं लग्न मी नाद सोडल्यावरच जमलं, हे कबूल करायला पाहिजे.

लोक काय गप बसतात व्हय! सूर्यवंशी सर सकाळ-संध्याकाळ एका दगडाला पाणी घालतात, त्याच्यावर दिवे लावतात, चुन्याचा अभिषेक करतात, सुकटीची पूड करून निवद दाखवतात, अशी बातमी हुमनाबादच्या वस्तीत फिरली आणि तिथून निर्ण्याला गेली. एके रविवारी वस्तीतली दोन पोक्त माणसं आली. मी तिथंच होतो. चांगले होते हो बिचारे, भांडायला आले नव्हते. "सर, तुमी शिकलेले माणसं," एवढंच म्हणाले, "तुमीच असं केल्यावर आमी पोरास्नी काय सांगावं?" सूर्यवंशींनी त्यांना पेटीपुढं नेलं, समजावून सांगितलं. दिवसा उजेडी ते पोवळं काही तोंड उघडत नाही. दगडासारखा दगड. त्यांनी बघितलं, मान हलवली, चहा घेतला आणि गेले.

सोजरबाई सगळं आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या.

"मारत्या, ह्ये काय चालवलास तू?"

"आय, जिता जीव हाय त्यो."

"जीव हाय म्हणं! दगड हाय. मला दिसत न्हाई का?"

दिसत नव्हतंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"आमी दगडं पाण्यात टाकले," त्या म्हणाल्या, "आन् तू पाण्यातून काढून घरात आणलास. त्यो तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी."

दुसऱ्या दिवशी त्या निर्ण्याला थोरल्या लेकीकडं निघून गेल्या.

मी सूर्यवंशींना म्हटलं, टाका की हो तो दगड. आईपेक्षा जड आहे का? तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्याआधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

वस्तीनं दीक्षा घेतली त्या वर्षी ते पाच-सहा वर्षांचे होते. घरोघरचे देव टोपल्यात भरून विहिरीत टाकायचे ठरलं. त्यांच्या घरात मरीआई होती, टाक होते, शेंदराचा गोटा होता. आजी रडत बसली, वडील उठेनात. टोपलं उचललं सोजरबाईंनी. डोईवर घेऊन विहिरीवर गेल्या, आणि हा लहानगा मारुती लुगडं धरून मागं मागं. त्याच साली पावसाळ्यात धाकटी कमळ तापानं गेली. चार वर्षांची. आजी उंबऱ्यात बसून ओरडली, तूच मारलीस लेकरू, देव बुडवून. वस्तीतले लोकही दबक्या आवाजात तेच बोलायचे. कितीतरी घरांनी गुपचूप देव परत मांडले. सोजरबाईंनी मांडले नाहीत. एका शब्दानं कुणाला उत्तरही दिलं नाही.

"दगड टाकला असता सर," सूर्यवंशी म्हणाले. "पर टाकला तर तिला वाटंल, देवच व्हता. उघडं पडलं म्हणून टाकला. मरस्तोर तसंच वाटंल तिला. एवढं भोगून लेक परत तिथंच गेला म्हणंल. तिला एकदा दिसलं पायजे, त्यो खातोय म्हणून."

मग हा माणूस दर रविवारी निर्ण्याला. सकाळच्या बसनं जायचं, आईजवळ बसायचं, संध्याकाळी परत. ती बोलायची नाही. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. आठवडाभर शाळा, सकाळ-संध्याकाळ पेटी, रविवारी बस. असं सात-आठ महिने. वर्गात शिकवता शिकवता उभ्या उभ्या डोळे मिटायचे त्यांचे, पोरंसुद्धा हसायची नाहीत. मी म्हणायचो, अहो, मराल. ते म्हणायचे, "बघू की."

शेवटी त्या आल्या. कंटाळून आल्या असतील, नाहीतर लेकाचं खंगलेलं तोंड त्या अधू डोळ्यांनाही दिसलं असेल. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "दाखव खाताना. खाल्लं न्हाई तर ह्या पिशवीला हात लावू नगोस."

भर दुपार होती. सूर्यवंशींनी सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत गोणपाट खोचलं, टॉर्चला तांबडा कागद गुंडाळला आणि आईला पेटीपुढं स्टुलावर बसवलं. मी मागं भिंतीला टेकून. तासभर अंधारात बसलो. घामाच्या धारा लागल्या. मग त्यांनी ड्रॉपरनं सुकटीच्या पुडीचं पाणी हळूच सोडलं, शाळेतलं मोठं भिंग आईच्या डोळ्यांपुढं धरलं आणि टॉर्च लावला. त्या दगडाच्या वळ्यावळ्यांतून बारीक बारीक बोटं बाहेर आली होती. पुडीचा एक कण खाली आला, बोटांनी धरला आणि हळूहळू आत गेला.

सोजरबाई भिंगाला नाक लावून बसल्या होत्या. पुष्कळ वेळानं म्हणाल्या, "आगं माय गं! ह्ये तर खायलंय!"

"व्हय आय."

"तोंड हाय की रं त्येला."

"लई तोंडं हायत."

"आन् एवढुशा पुडीवर ठेवलास? एवढ्या तोंडास्नी?" त्या लेकाकडं वळल्या. "कामून उपाशी मारायलास रं लेकराला?"

सूर्यवंशी रडत होते. अंधार होता म्हणून बरं. मीही काही फार कोरडा नव्हतो.

त्या दिवसापासून खायला घालायचं काम त्यांनी घेतलं. गल्लीतल्या बायकांना, वस्तीतल्या त्या दोन पोक्त माणसांना, सगळ्यांना बोलावून त्यांनीच सांगितलं, जीव हाय म्हणून. वस्तीचा विषय मिटला. सूर्यवंशींनी पितळेचा एक बारका चमचा करून दिला होता, दोन दिवसांआड एक चमचा. पण त्या दर वेळी चिमूटभर जास्तच टाकायच्या. सूर्यवंशी बघायचे आणि रात्री पाण्याबरोबर उरलेलं नळीनं ओढून काढायचे. सगळ्या हुमनाबादला "आधी हात काढा" म्हणणारा माणूस आईला ते एकदाही म्हणाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खाऊ घालायलीय सर. कसं म्हणू?"

एप्रिलात दहावीचे पेपर तपासायला त्यांना गुलबर्ग्याला बोलावणं आलं. आठ दिवस. जाताना सगळं मला समजावून सांगितलं. गोणपाट ओलं ठेवायचं, चुन्याची निवळी, रेघेपर्यंत गोडं पाणी, ट्यूबची हवा. मी अगदी वहीत लिहून घेतलं. आणि ते सगळं केलं हो मी, एक दिवस चुकलो नाही. उन्हातान्हात सायकल मारत सकाळ-संध्याकाळ जात होतो.

तिसऱ्या दिवशी बघितलं, तर सोजरबाई मूठभर सुकट खलबत्त्यात कुटून पेटीत सोडत होत्या. मी म्हटलं, "माय, जास्त होतंय."

"तुमी जेवून आलाव न्हवं मास्तर?"

"आलो."

"काय खाल्लाव?"

"भाकरी, आंबाडीची भाजी..."

"पोटभर खाल्लाव न्हवं? मग ह्येलाच कामून चिमटीनं? भाईरगावचं लेकरू, आपल्या दारात आलेलं. उपाशी ठेवायची रीत हाय का आपल्यात?"

मी हसलो. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, ती पण हसली. पाचव्या दिवशी पाणी दुधट झालं आणि वास यायला लागला. मला वाटलं सुकटीचा असेल. वहीत वासाचं काही लिहिलेलं नव्हतं. मी गोणपाट ओलं केलं, निवळी सोडली आणि घरी गेलो. इतका मूर्ख माणूस पंचवीस वर्षं मास्तरकी करतो!

आठव्या दिवशी ते आले तेव्हा मी तिथंच होतो, कौतुक करून घ्यायला. दारातच त्यांची पावलं थांबली. वासानंच कळलं असणार. पिशवी हातात तशीच धरून ते पेटीजवळ गेले. वरचं मांस सुटून चिंध्यांसारखं पाण्यात तरंगत होतं, आणि खाली तो दगड चुन्याच्या खड्यासारखा पांढराफटक. सोजरबाई मागून आल्या, पदराला हात पुसत.

"नीट सांभाळलं बग तुजं लेकरू. एक दिस उपाशी ठेवलं न्हाई."

सूर्यवंशी पाठमोरे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खांदे तेवढे दिसत होते.

"व्हय आय," ते म्हणाले. "चांगलं बाळसं धरलंय."

मग मला घेऊन बाहेर पडले. पानाच्या गादीपर्यंत आम्ही चालत गेलो. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी बघत होतो, मी बोललो नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही बहुतेक. "सर," म्हणाले, "ह्ये कुठं बोलू नगा. कमळ गेली तवा सगळे तिला म्हनले, तू मारलीस. आता ह्या वयात मी आनि म्हणू का, आय, तू मारलास?"

त्यांनी पेटी धुतली. मस्तानभाईनं नवं पाणी आणलं. पांढरा दगड परत जागेवर ठेवला, आणि सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. गोणपाट, फॅन, निवळी, ट्यूब. सोजरबाई चमच्यानं पूड सोडायच्या, रात्री हे सगळी पूड नळीनं काढून टाकायचे. सकाळी आई विचारायची, खाल्लं का रं? हे म्हणायचे, खाल्लं. रोज. मेलेल्या दगडासाठी एवढी मेहनत करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पोवळं जिवंत असताना जितके दमलेले दिसायचे त्याच्या दुप्पट आता दिसायला लागले. आणि ज्या आळापायी आई घर सोडून गेली होती, तो आळ आता खरा झाला होता. हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? कळत होतं. एकदा स्वतःच म्हणाले, "आता मातर पुजाच चाललीय सर," आणि हसले. ते हसणं मला सोसलं नाही.

पावसाळा संपल्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं सरकारी शिबिर आलं. सूर्यवंशी दोन वर्षं आईच्या मागं लागले होते ऑपरेशन कर म्हणून, ती घाबरत होती. आता ती तयार झाली. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, डोळे आले की दिसेल तिला." "दिसू द्या," म्हणाले. "डोळे तिचे हायत. माज्या भीतीपायी तिला आंधळी ठेवू का?"

पण मनात होतंच. मस्तानभाईला त्यांनी कारवारला धाडलं, त्या गृहस्थांच्या नावची चिठ्ठी देऊन, दुसरा तुकडा मिळतो का बघायला. सोजरबाईंच्या डोळ्यांवर पट्टी, आणि हे रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन लॉरीची वाट बघत उभे. पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी लॉरी आली. कॅनचं झाकण उघडलं तर नाकाला पदर लावावा असा वास. "मास्टर, मैं बहुत हवा मारा," मस्तानभाई म्हणाला, "अल्ला की कसम, हर घंटे को मारा." सूर्यवंशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चहा पाजला आणि कॅन नाल्यात ओतून घरी आले.

पट्टी सुटली. जाड भिंगांचा सरकारी चष्मा मिळाला. सोजरबाई घरी आल्या आणि काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. सूर्यवंशी मला म्हणाले, तिला तेवढं बारीक अजून दिसत नसंल.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली आळंदकडं, कडगंचीजवळच्या एका खेड्यात. निरोप घ्यायला म्हणून एका संध्याकाळी गेलो. सूर्यवंशी आत चहा करत होते, स्टोव्हचा आवाज येत होता. सोजरबाई पेटीपुढं स्टुलावर बसल्या होत्या, नवा चष्मा लावून. पेटीवरच्या दोन ट्यूबलाईटच्या उजेडात तो दगड इतका पांढरा दिसत होता की आंधळ्यालाही दिसावा. त्यांनी चमच्यानं पूड सोडली. ती हळूहळू खाली गेली आणि दगडावर तशीच पडून राहिली. त्या तिच्याकडं बघत होत्या.

"मेलंय ह्ये, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "पट्टी सुटली त्याच दिशी बघितलं मी."

मी आतल्या दाराकडं बघितलं.

"मीच मारलं. खाऊ घालू घालू मारलं." चष्म्याखालून त्यांनी पदराचं टोक फिरवलं. "त्यो बोलंना मला. मला वाईट वाटंल म्हणून रातचं उठून पूड काढतोय, मला ऐकू येतंय की. आता मी बोलले तर त्येला वाटंल, एवढं केलेलं वाया गेलं. म्हणून घालायलेय दगडाला खायला. मी! ह्या हातानं!"

आतून स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला.

"आय," सूर्यवंशींनी विचारलं, "खाल्लं का गं?"

सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग दगडावरच्या त्या पुडीकडं.

"खाल्लं रं बाबा," त्या म्हणाल्या. "आज लई खाल्लं."